पादचिकित्सा

पादचिकित्सा ही पाऊल व घोटा यांच्या विकारांचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांचा विचार करणारी आरोग्यशाखा होय. पावलाची त्वचा, नखे, हाडे, सांधे, स्नायू, रक्तवाहिन्या आणि चेतातंतू हे सर्व तिच्या कक्षेत येतात. इंग्रजीत तिला पोडिएट्री व या शाखेच्या व्यावसायिकाला पोडिएट्रिस्ट असे म्हणतात. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत हा स्वतंत्र शिक्षण व नोंदणी असलेला व्यवसाय आहे. भारतात मात्र हे काम अस्थिरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, त्वचारोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि कृत्रिम अवयव व आधारसाधने तयार करणारे तंत्रज्ञ यांच्यात विभागलेले आहे. त्यामुळे पावलाच्या दुखण्यासाठी प्रथम कोणाकडे जावे, हे रुग्णाला सहज कळत नाही. किरकोळ विकारांत या संभ्रमाने केवळ वेळ जातो. मधुमेह, कुष्ठरोग किंवा रक्तपुरवठ्याचा अभाव असलेल्या रुग्णाला मात्र विलंबामुळे पाऊल गमवावे लागू शकते.

## संज्ञा

पोडिएट्री हा शब्द पाऊल व वैद्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. त्यापूर्वी प्रचलित असलेल्या किरोपोडी या संज्ञेत हात व पाय या दोहोंचा निर्देश होता. ब्रिटनमध्ये दोन्ही संज्ञा आजही एकाच व्यवसायासाठी वापरल्या जातात.

मराठीत ‘पाय’ हा शब्द कमरेखालील संपूर्ण अवयवासाठी आणि केवळ पावलासाठीही योजला जातो. ‘पाय दुखतो’ या तक्रारीतून वेदना मांडीत, पोटरीत, घोट्यात की तळव्यात आहे याचा बोध होत नाही. मात्र पावलाच्या भागांसाठी भाषेत नेमके शब्द आहेत. मागचा भाग टाच, बोटांच्या मुळाशी असलेला रुंद भाग चवडा, खालचा पृष्ठभाग तळवा आणि पाय व पाऊल यांच्या सांध्यापाशी दोन्ही बाजूंना वर आलेला भाग घोटा. वेदनेचे स्थान या शब्दांत सांगितल्यास निदान पुष्कळ सुकर होते.

## पावलाची रचना

प्रत्येक पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. अस्थिबंधांची संख्या शंभराहून अधिक आहे. तळव्याच्या आतील बाजूस असलेली कमान शरीराचा भार टाच व चवडा यांवर वाटून देते आणि चालताना बसणारे धक्के सौम्य करते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत पसरलेला जाड तंतुमय पट्टा या कमानीला ताण देऊन धरून ठेवतो.

तळव्याची संवेदना हे पावलाचे संरक्षक कवच आहे. खडा टोचला की मनुष्य पाय उचलतो, चप्पल चावू लागली की चाल बदलतो, जमीन तापलेली असली की मागे सरतो. ही सूचना मेंदूपर्यंत पोहोचेनाशी झाली की तीच व्यक्ती जखमेवर भार देऊन दिवसेंदिवस चालत राहते. पावलाच्या अनेक गंभीर विकारांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

## इतिहास

### भारतीय परंपरा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील क्षुद्ररोगांच्या अध्यायात पावलाच्या अनेक विकारांची नोंद आहे. कदर म्हणजे खडा वा काटा टोचल्याने होणारी कठीण गाठ, अर्थात कुरूप; पाददारी म्हणजे टाचांच्या भेगा; अलस म्हणजे चिखलात वावरल्याने बोटांच्या बेचक्यांत होणारा दाह; आणि चिप्प म्हणजे नखाच्या कडेचा पाक. विषम जागी पाऊल पडल्याने घोट्यापाशी होणाऱ्या वेदनेला वातकंटक असे नाव आहे. यांतील बहुतेक विकार आजच्या बाह्यरुग्ण विभागातही रोज दिसतात.

### आधुनिक व्यवसायाचा उदय

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात कुरूप कापण्याचे काम फिरते कारागीर करीत. ब्रिटिश राजघराण्याच्या सेवेत असलेले लुईस डरलाकर यांनी या कामाला शिस्तबद्ध व्यवसायाचे स्वरूप मिळावे असा आग्रह धरला. न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली या व्यावसायिकांची संघटना आणि १९११ साली शिक्षणसंस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने व्यवसायाच्या नोंदणीची चौकट निर्माण केली.

### भारतातील संशोधन

‘मदुरा पाय’ या नावाने ओळखला जाणारा, पाऊल सुजवून त्यातून दाणेदार पू बाहेर टाकणारा विकार १८४२ साली मदुराईच्या जॉन गिल यांनी वर्णिला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले आणि साताऱ्यात शल्यचिकित्सक म्हणून काम पाहिलेले हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी त्याचा सखोल अभ्यास केला व १८७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ या सुप्रसिद्ध ग्रंथातील चित्रेही कार्टर यांचीच आहेत.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले पॉल ब्रँड यांचे कार्य या विषयात मूलभूत मानले जाते. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. बधिर झालेल्या भागाला भाजणे, खरचटणे, सततचा दाब, इतकेच नव्हे तर रात्री झोपेत उंदरांनी कुरतडणे यांमुळे ही हानी होते, आणि म्हणून ती टाळता येते, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. तळव्यावरील दाब कमी करणारी सूक्ष्मछिद्री रबराची पादत्राणे, म्हणजेच एमसीआर चप्पल, याच कार्यातून पुढे आली. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती आजही रुग्णांना दिली जाते. ब्रँड १९६६ साली अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे हेच तत्त्व मधुमेही रुग्णांच्या पावलांना लागू करण्यात आले. मधुमेही पायाच्या आजच्या उपचारपद्धतीचा एक मोठा प्रवाह अशा रीतीने दक्षिण भारतातून जगात गेला.

पाऊल गमावलेल्यांसाठी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा व प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ विकसित केले. मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि अनवाणी चालणे या भारतीय सवयी त्याच्या रचनेत विचारात घेतल्या होत्या.

## सामान्य विकार

### त्वचा व नखे

सततच्या घर्षणाने त्वचा जाड होते तिला घट्टा म्हणतात. हाच दाब एका बिंदूवर पडून आत टोकदार गाभा तयार झाला की त्यास कुरूप किंवा भोवरी म्हणतात. दोन्हींचे कारण दाब हे असल्याने केवळ वरची त्वचा कापून ती कायमची जात नाहीत. पादत्राण बदलणे आवश्यक असते. चामखीळ विषाणूजन्य असते आणि तिची कुरुपाशी गल्लत होते. तळव्यावरील चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यास, तर कुरूप सरळ दाबल्यास अधिक दुखते. हा फरक ओळखण्यास उपयोगी पडतो.

टाचांच्या भेगांना मराठीत जळवात असेही नाव आहे. कोरडी त्वचा, अनवाणी चालणे आणि मागून उघडी पादत्राणे ही त्याची प्रमुख कारणे. कोकणात व गोव्यात भेगांवर कोकमाचे तेल लावण्याची प्रथा आहे. असा स्निग्ध लेप त्वचा मऊ ठेवण्यास उपयुक्त ठरतो. बिब्बा लावण्याची जुनी रीत मात्र घातक आहे, कारण बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात.

पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, तसेच दिवसभर ओले बूट घालणाऱ्यांना होणारा बुरशीसंसर्ग, यांवर पाय कोरडे ठेवणे आणि बुरशीरोधक मलम हे उपचार आहेत. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पायी चालणाऱ्या वारकऱ्यांत फोड, चिखल्या आणि टाचदुखी या तक्रारी एकत्र आढळतात.

अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतून पाक झाल्यास वेदना तीव्र असते. नखे गोलाई देऊन खोल कापण्याऐवजी सरळ रेषेत कापल्याने ही तक्रार बरीच टळते. पू झाल्यास नखाची कड स्थानिक भूल देऊन काढावी लागते.

### टाचदुखी

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येणे आणि थोडे चालल्यावर ती कमी होणे, हे तळव्याच्या तंतुमय पट्ट्याच्या विकाराचे ठरावीक लक्षण आहे. दीर्घकाळ उभ्याने काम करणारे, वजन जास्त असलेले आणि कठीण फरशीवर अनवाणी वावरणारे यांत तो अधिक दिसतो. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला ‘काटा’ वाढलेला दिसला की तोच वेदनेचे कारण समजला जातो; परंतु वेदना नसलेल्या अनेकांतही असा काटा आढळतो. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ टाचेची पादत्राणे आणि वजनावर नियंत्रण यांनी बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना काही महिन्यांत बरे होतात.

### घोटा मुरगळणे

पाऊल आत वळून घोट्याच्या बाहेरील अस्थिबंधांना इजा होणे हा घोट्याचा सर्वांत नेहमीचा अपघात होय. हाड मोडले असण्याची शंका केव्हा घ्यावी यासाठी १९९२ साली कॅनडात मांडलेले ‘ओटावा नियम’ जगभर वापरले जातात. त्यांनुसार इजा झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, अथवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर किंवा टोकावर, करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाच्या मुळाशी किंवा पावलाच्या आतील बाजूच्या नौकाकृती हाडावर दाबल्यास दुखणे, यांपैकी काही असल्यास क्ष-किरण तपासणी करावी. मधुमेहाने पाऊल बधिर झालेल्या रुग्णाला या नियमांचा भरवसा देता येत नाही, कारण मोडलेले हाडही त्याला दुखत नाही. पहिल्या काही दिवसांत जोरकस मालिश केल्यास सूज वाढते. बर्फ, आधारपट्टी, पाय उंच ठेवणे आणि नंतर लवकर सुरू केलेली हालचाल हे सर्वमान्य उपचार आहेत.

### जन्मजात वाकडे पाऊल

नवजात बालकाचे पाऊल आत व खाली वळलेले असल्यास पोन्सेटी पद्धतीने उपचार केले जातात. दर आठवड्याला पाऊल हळूहळू सरळ करून प्लास्टर बदलले जाते, बहुधा टाचेमागील स्नायुबंध एका छोट्या छेदाने मोकळा केला जातो आणि त्यानंतर विशिष्ट बूट वापरावे लागतात. हे बूट सुरुवातीला जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालायचे असतात. पाऊल पुन्हा वळण्याचे मुख्य कारण हे बूट मध्येच सोडणे हे असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे.

## मधुमेही पाय

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती मधुमेहग्रस्त आहेत. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेने चेतातंतू क्षीण होतात आणि तळवे बधिर पडतात. त्याच वेळी रक्तवाहिन्या अरुंद होऊन जखम भरण्याची शक्ती घटते. तंबाखू व विडी यांनी ही प्रक्रिया वेगवान होते. मधुमेहात होणाऱ्या पायाच्या विच्छेदनांपैकी बहुसंख्य विच्छेदनांची सुरुवात एका लहान, न दुखणाऱ्या जखमेपासून होते. जखम दुखत नाही म्हणून रुग्ण ती किरकोळ समजतो. वास्तविक वेदना नसणे हीच तेथे धोक्याची खूण असते.

### तपासणी

बधिरपणा तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याच्या ठरावीक बिंदूंवर टेकवितात आणि १२८ हर्ट्‌झचा नादकाटा अंगठ्यावर ठेवून कंपने जाणवतात का ते पाहतात. पावलाच्या वरच्या बाजूस व आतील घोट्यामागे नाडी चाचपून रक्तपुरवठ्याचा अंदाज घेतला जातो. कोणतेही साधन नसल्यास ‘इप्सविच स्पर्शचाचणी’ करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्या व्यक्तीने त्याच्या दोन्ही पावलांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श न जाणवल्यास पाऊल बधिर होत असल्याचे मानून वैद्यकीय तपासणी करावी.

मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पुढीलप्रमाणे तपासणीचे अंतर सुचविले आहे.

| धोक्याची पातळी | लक्षण | तपासणी |
|---|---|---|
| अत्यल्प | संवेदना व रक्तपुरवठा शाबूत | वर्षातून एकदा |
| कमी | बधिरपणा किंवा रक्तपुरवठ्याची न्यूनता | ६ ते १२ महिन्यांनी |
| मध्यम | वरील दोन्ही, अथवा एकासोबत पावलाची विकृती | ३ ते ६ महिन्यांनी |
| अधिक | बधिरपणा किंवा रक्तपुरवठ्याची न्यूनता असून पूर्वी जखम वा विच्छेदन झालेले, अथवा मूत्रपिंड निकामी | १ ते ३ महिन्यांनी |

### उपचार

तळव्याची जखम न भरण्याचे एक प्रमुख कारण रुग्ण तिच्यावर चालत राहतो हे असते. मलमपट्टी व प्रतिजैविके यांच्या जोडीला जखमेवरील भार काढणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी पावलाच्या आकाराला घट्ट बसणारे विशेष प्लास्टर, न निघणारा आधारबूट किंवा जखमेच्या जागी पोकळी ठेवलेली पादत्राणे वापरतात. रक्तपुरवठा कमी असल्यास आधी तो सुधारावा लागतो. बोट किंवा पाऊल काढण्याचा निर्णय नियोजित असल्यास, त्यापूर्वी रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे का, हे रुग्णाने विचारणे रास्त आहे.

### शार्को पाऊल

बधिर पावलातील हाडे व सांधे अल्पशा इजेने खिळखिळे होऊन कमान कोसळते, या अवस्थेला फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांचे नाव आहे. सुरुवातीला पाऊल लाल, गरम व सुजलेले असते, परंतु वेदना नसते किंवा अगदी थोडी असते. मुरगळणे, संधिवात किंवा जंतुसंसर्ग समजून याकडे वारंवार दुर्लक्ष होते. या टप्प्यावर प्लास्टर घालून भार काढल्यास पावलाचा आकार टिकविता येतो.

## महाराष्ट्रातील उपचारसेवा

भारतात पादचिकित्सेचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सर्वत्र रुजलेला नाही. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत मधुमेही पायासाठी विशेष विभाग आहेत आणि मधुमेहतज्ज्ञांकडे पायांची तपासणी होते. अन्यत्र तक्रारीच्या स्वरूपानुसार तज्ज्ञ निवडावा लागतो.

* कुरूप, चामखीळ, भेगा, बुरशी, नखांचा रंग बदलणे: त्वचारोगतज्ज्ञ.
* टाचदुखी, सपाट पाय, घोट्याची इजा, बोटांची विकृती: अस्थिरोगतज्ज्ञ; व्यायामासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ.
* रुतलेले नख, पू, जखम: शल्यचिकित्सक.
* चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर बरे वाटणे, बोटे काळीनिळी पडणे: रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक.
* मधुमेहात कोणतीही जखम, फोड, सूज किंवा बधिरपणा: मधुमेहतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांचा एकत्रित सल्ला.
* त्वचेवर संवेदनाहीन फिकट चट्टा किंवा पाऊल उचलता न येणे: प्राथमिक आरोग्य केंद्र, जेथे कुष्ठरोगावरील औषधोपचार विनामूल्य मिळतो.

ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशी संदर्भसेवेची साखळी आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेहाची तपासणी होते. त्या वेळी पावले दाखविण्याची मागणी रुग्णाने स्वतः करावी. रक्तशर्करा मोजली जाते, पण पादत्राणे काढून तळवे पाहिले जातीलच असे नाही.

आधारसाधने, विशेष बूट व कृत्रिम अवयव यांसाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेले कृत्रिम अवयव केंद्र या नामांकित शासकीय संस्था आहेत. पुण्यातील केंद्र सैन्यदलांचे असले, तरी तेथे नागरी रुग्णांनाही सेवा मिळते.

### पात्रतेची खातरजमा

‘पायांचे तज्ज्ञ’ असा फलक पात्रतेचा पुरावा नसतो. आधुनिक वैद्यकातील डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, भौतिकोपचारतज्ज्ञांची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे आणि कृत्रिम अवयवतज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. बुटांत घालावयाचे महागडे तळपट्टे केवळ यंत्रावर उभे करून सुचविले जात असतील, तर ते घेण्यापूर्वी नोंदणीकृत तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

## तातडीची लक्षणे

पुढील लक्षणांत त्याच दिवशी रुग्णालयात जाणे आवश्यक मानले जाते: मधुमेही रुग्णाच्या पावलावर पसरणारी लाली, दुर्गंधी, पू किंवा ताप, पाऊल अचानक थंड व फिकट पडणे, बोट काळे पडणे, वेदनेविना आलेली गरम सूज, आणि इजेनंतर वाकडा झालेला घोटा. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेही पायाची नवी तक्रार आल्यास कामाच्या एका दिवसाच्या आत ती विशेष पथकाकडे पाठवावी लागते.

## दैनंदिन काळजी व पादत्राणे

बधिर पावलाची काळजी डोळ्यांनी घ्यावी लागते. रोज तळवे व बेचके पाहणे, दिसत नसल्यास आरसा ठेवणे किंवा घरातील व्यक्तीची मदत घेणे, पाय धुऊन बोटांमधील जागा कोरडी करणे आणि टाचांना स्निग्ध लेप लावणे ही त्याची मुख्य अंगे आहेत. लेप बेचक्यांत लावू नये. गरम पाण्यात पाय बुडविणे, शेकणे, ब्लेडने कुरूप कापणे आणि आम्लयुक्त कुरूपपट्ट्या चिकटविणे यांनी बधिर पावलाला गंभीर जखमा होतात. नवरात्रातील अनवाणी व्रत किंवा उन्हात तापलेल्या फरशीवरून देवदर्शन यांतही भाजण्याचा धोका असतो.

पादत्राण पावलापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब व चवड्यापाशी पुरेसे रुंद असावे. दिवसभरात पावलावर सूज येत असल्याने खरेदी सायंकाळी करणे इष्ट. कोल्हापुरी चप्पल किंवा अंगठ्याच्या पट्ट्याची चप्पल निरोगी पावलाला चालते. बधिर पावलातून मात्र ती नकळत निसटते आणि तिचा पट्टा बेचक्यात घासतो. अशा रुग्णांना मागे पट्टा असलेली, मऊ तळाची पादत्राणे घरातही घालण्याचा सल्ला दिला जातो. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही हे पाहावे.

## हे सुद्धा पहा

* मधुमेह
* कुष्ठरोग
* जयपूर फूट
* सुश्रुतसंहिता
* भौतिकोपचार